चोनानच्या साच्याचे चार अंगरखे

जरा दम धरा, माझं गरगरणं थांबलं की बोलतो.

हं, आता बरं आहे. तर मंडळी, तुमच्याशी बोलतोय तो एक बिडाचा साचा आहे. कोरियातल्या चोनान स्टेशनासमोरच्या गल्लीत हान बोक-सिल यांचं अक्रोडकेकचं दुकान आहे. काचेच्या मागे एक गोल यंत्र फिरत असतं. त्या यंत्रावर आम्ही सगळी साचे-भावंडं हातात हात घालून फेर धरतो. त्यातला कोपऱ्याचा टवका उडालेला मी.

माझा जन्म ओतशाळेतला. वितळलेलं लोखंड वाळूत ओतलं, निवलं आणि मी झालो. मग एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या पोटात अक्रोडाच्या सुरकुत्या कोरल्या. इतक्या मन लावून कोरल्या, की माझ्यातून पडलेला केक आणि खरा अक्रोड शेजारी ठेवले तर खारसुद्धा चुकेल.

माझं काम म्हणाल तर मजेचं. एका नळीतून सरसरीत पीठ पोटात पडतं. त्यावर लाल चवळीच्या पुरणाची गोळी, वर अक्रोडाचा तुकडा, पुन्हा थोडं पीठ. झाकण खाडकन मिटतं, मी कोलांटी मारतो, खालून आग, पुन्हा कोलांटी, पुन्हा आग. मग झाकण उघडतं आणि गरम गरम केक बाहेर. दिवसभर चक्कर येते, पण सवयीची चक्कर छान लागते. झोपाळ्यावर बसलेल्या माणसाला विचारा.

सगळं ठीक होतं, पण मी चिकट झालो.

वर्षानुवर्षं ब्रशने तेल लावलं जायचं. ते जळायचं, त्यावर साखर जळायची, त्यावर पुन्हा तेल. माझ्या सुंदर सुरकुत्या त्या काळ्या थरात बुजून गेल्या. केक अर्धा बाहेर यायचा, अर्धा आतच बसायचा. मग बोक-सिलबाई लोखंडी दाभण घेऊन मला टोकरायच्या. त्यांचे यजमान होते तोवर हे टोकरणं त्यांच्याकडे होतं. ते गेल्यावर दुकानात दोघीच उरल्या: बोक-सिलबाई आणि त्यांची थोरली नणंद जोम-रे. बोक-सिलबाई गोऱ्या, गोल, हसऱ्या. जोम-रे वाळक्या. त्यांच्या जिभेवर मात्र कुठलाच थर कधी साचला नाही.

"अगं, हा तुझा साचा केक देतोय की उपकार करतोय?" जोम-रे एकदा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "गिऱ्हाईक विचारतंय, अक्रोडाचा केक आहे की अक्रोडाचा भुगा."

"वन्सं, जुना आहे तो. तुमचे भाऊ घेऊन आले होते."

"माझा भाऊ गेला, साच्यालाही जाऊ दे की! हे बघ, चुसोकपर्यंत वाट बघू. सणाला लोक गावी जाताना पेट्या नेतात, तेव्हा असले फुटके केक दिले तर जन्मभर शिव्या खाऊ. जमलं नाही तर यंत्र भंगारात. मी पुसानला लेकाकडे जाते. तू तुझं बघ."

त्या रात्री गॅस बंद करताना बोक-सिलबाईंनी आम्हा सगळ्यांवरून एकदा हात फिरवला. बीड असलो तरी हात कळतो.

दुसऱ्या दिवशी बोक-सिलबाईंच्या निरोपावरून आला बोंग मान-सोक.

शहराबाहेरच्या कारखान्यांच्या वस्तीत त्याचं छोटंसं शेड होतं. ज्याला काही चिकटू नये असं वाटतं, त्या प्रत्येक वस्तूला हा माणूस अंगरखा चढवून द्यायचा. पावाचे ट्रे, डिंकाचे रूळ, रसायनांच्या टाक्या, सगळं त्याच्याकडे यायचं. सडपातळ, केस पिकलेले, भुवयांवर कायम पांढरी धूळ. लग्न कधी झालं नव्हतं. लोक म्हणायचे, बोंग मिस्त्रीला स्वतःलाही कुणी चिकटत नाही.

त्याने भिंग काढलं आणि माझ्या पोटात डोकावला.

"मालकीणबाई, आत बीड आहे की डांबर?"

"बीड आहे हो," बोक-सिलबाई लाजल्या. जणू त्यांचेच दात किडले होते.

"मग वाचेल. यातले थोडे साचे मी नेतो. पण एक अट. ते दाभण मला द्या."

"का?"

"ते दुकानात राहिलं तर तुमचा हात त्याच्याकडे जाणार. आणि मी जे लावीन त्याच्यावर लोखंड फिरलं की संपलं." त्याने दाभण खिशात टाकलं. जोम-रे मागून पुटपुटल्या, "पहिल्याच भेटीत घरातली वस्तू घेऊन चालला."

त्याच्या शेडमध्ये माझं जे झालं ते सांगायला मला अजून संकोच वाटतो. आधी भट्टीत घालून सगळा जुना थर जाळला. मग बारीक खड्यांचा जोरदार मारा. अहो, गुदगुल्या! सगळ्या सुरकुत्यांमध्ये एकदम! मी ओतशाळेतून निघाल्यापासून इतका नागडा आणि इतका आनंदात कधीच नव्हतो. मग फवारा, मग पुन्हा भट्टी. आणि मी राखाडी रंगाचा पहिला अंगरखा घालून बाहेर आलो. पीटीएफई म्हणतात त्याला. नॉनस्टिक तव्यांवर असतो तो ह्याच घराण्यातला.

परत आल्यावरचा पहिला केक मी विसरणार नाही. झाकण उघडलं आणि केक टुणकन उडी मारून थेट जोम-रेंच्या एप्रनमध्ये.

"आई गं!" त्या किंचाळल्या. "जिवंत आहे का हा?"

बोक-सिलबाई हसत सुटल्या. त्यांना हसताना पाहून बोंग मिस्त्रीही हसला. हसायची फारशी सवय नसावी, कारण हसून झाल्यावर त्याने आपला जबडा चाचपला.

खरं तर इथे गोष्ट संपायला हवी होती. पण उन्हाळा चढला तशा माझ्या अंगरख्यावर तपकिरी ठिपके उमटू लागले. पुन्हा केकचा एखादा कान माझ्याकडेच राहू लागला. बोंग मिस्त्री धावत आला. भिंगातून बघून त्याने हळूच जीभ चावली.

"माझंच चुकलं. पीटीएफई आगीला दाद देत नाही, सगळ्यांत जास्त निसरडा तोच. पण तो भट्टीत वितळून पसरत नाही, कण कणाला नुसता धरून बसतो. मध्ये बारीक फटी राहतात. पावाला चालतं. तुमच्या पुरणाची साखर मात्र पाघळून त्या फटींतून खाली उतरली."

"म्हणजे लोकरीच्या कोटासारखं," बोक-सिलबाई म्हणाल्या. "ऊब भरपूर, पण पाऊस आत येतो."

बोंग मिस्त्री त्यांच्याकडे बघतच राहिला. इतकी वर्षं तो लोकांना हे समजावत होता, आणि इतकं सरळ कुणी त्यालाच समजावलं नव्हतं.

"मग न भिजणारा कोणता?" त्यांनी विचारलं.

"दोन आहेत. एफईपी आणि पीएफए. दोघेही भट्टीत वितळून काचेसारखे पसरतात, फट ठेवत नाहीत. ईटीएफई नावाचा आणखी एक आहे, फार चिवट, पण तो टाक्यांसाठी बरा. तुमच्या आगीपुढे टिकणार नाही. असं करू, तीन साच्यांना तीन वेगळे लावू आणि बघू. मला अधूनमधून येऊन तपासावं लागेल."

"अधूनमधून म्हणजे?" जोम-रेंनी विचारलं.

"रोज," तो म्हणाला. आणि कानापर्यंत लाल झाला.

मला मिळाला एफईपी. काय सांगू तुम्हाला! आरशासारखी चकाकी. शेजारच्या भावाला नवा पीटीएफई, पलीकडच्याला पीएफए. मी दोघांकडे तुच्छतेने बघायचो. माझ्यातून केक पडायच्या आधीच पडल्यासारखा वाटायचा. बोंग मिस्त्री रोज दुपारी यायचा, भिंग लावायचा, आणि "चव बदलली का बघतो" म्हणून उभ्याउभ्या तिन्ही साच्यांतला एकेक केक खायचा. जाताना कागदी पिशवी भरून न्यायचा.

एक दिवस त्याच्या शेजारचा वेल्डिंगवाला दुकानात आला. म्हणाला, "बाई, तुमचे केक म्हणजे केक! बोंग रोज आम्हाला सगळ्यांना वाटतो. त्याला स्वतःला गोड पुरणाचा वासही चालत नाही, लहानपणापासून."

तो गेल्यावर जोम-रे ओट्याला टेकून इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला.

"बोक-सिल! तो माणूस रोज तीन तीन केक पाण्याबरोबर गिळतोय गं, कडू औषध गिळल्यासारखे! आणि चेहरा कसा ठेवतो, जणू अमृत पितोय!"

बोक-सिलबाईंनी पाठ फिरवली. त्यांची मान लाल झालेली आम्हा साच्यांना दिसत होती.

दुसऱ्या दिवशी तो यायच्या वेळी त्यांनी पुरणाची नळी बंद केली. माझ्या पोटात नुसतं पीठ आणि अक्रोडाचे तीन तुकडे पडले. त्याने नेहमीसारखा श्वास रोखून घास घेतला, आणि थांबला. चावत राहिला. केक संपवला, पाणी न पिता.

"आज... आज काही वेगळं आहे," तो म्हणाला.

"पुरण संपलं होतं," त्या म्हणाल्या. जोम-रे पुरणाने भरलेल्या पातेल्यासमोर उभ्या होत्या. त्यांनी ते पदराआड केल्यासारखं आपल्या एप्रनआड केलं. तेवढं शहाणपण त्यांच्यात होतं.

माझा तोरा मात्र एका दुपारी उतरला. सहलीच्या बसगाड्या आल्या, रांग लागली आणि जोम-रेंनी गॅस भसकन वाढवला. एफईपी दिसायला देखणा, पण आगीपुढे नाजूक. माझी चकाकी मऊ पडली, फुगली, मग एक पापुद्रा सुटला. शेजारचा पीटीएफई शांत होता, पण त्यावर पुन्हा ते तपकिरी ठिपके. आणि पलीकडचा पीएफए? आग पचवून, साखर झटकून, केकवर केक टाकत बसला होता. मी लाजेने आणखी जोरात फिरू लागलो असतो, पण यंत्राची गती ठरलेली.

मग आम्हा सगळ्यांना काढून शेडमध्ये नेलं. आता मी जे सांगणार आहे ते मी सोडून कुणाला ठाऊक नाही.

बोंग मिस्त्रीने टेबलावर दोन डबे ठेवले. पीटीएफईचा आणि पीएफएचा. मला हातात घेतलं आणि माझ्याशी बोलू लागला.

"हे बघ बाबा. पीटीएफई लावला तर थोड्या महिन्यांत पुन्हा ठिपके पडतील, पुन्हा मला बोलावतील. पीएफए लावला तर तुला काही वर्षं माझी गरज नाही. मग मी कुठल्या तोंडाने जाऊ तिथे? केकला जातो म्हणू?" तो स्टुलावर बसला. बाहेर वेल्डिंगवाल्याचं काम संपलं, तरी हा बसलेलाच.

शेवटी उठला. म्हणाला, "तिचं यंत्र आहे," आणि पीटीएफईचा डबा वरच्या फळीवर, हात पुरणार नाही असा, ढकलला. मग पूड उडवायची बंदूक घेतली. आम्हा प्रत्येकावर पीएफएची पूड बसली, भट्टीत वितळली आणि पारदर्शक, एकसंध, तुळतुळीत झाली. इतकं नीट काम त्याने कधी केलं नसेल. आणि इतका उदास कधी दिसला नसेल.

यंत्र जोडून झाल्यावर तो बोक-सिलबाईंना म्हणाला, "मालकीणबाई, आता काळजी नको. आता काही वर्षं माझं तोंड बघायला लागणार नाही."

"असं होय," त्या म्हणाल्या. "फार छान."

दोघांपैकी कुणीच हसलं नाही. जोम-रेंनी छताकडे बघून उसासा टाकला.

चुसोक आला. काय तो धुमाकूळ! रांग स्टेशनाच्या जिन्यापर्यंत. पीठ, पुरण, अक्रोड, आग, टुणुक! पीठ, पुरण, अक्रोड, आग, टुणुक! एकही केक फुटला नाही. पेट्या भरता भरता जोम-रे नाचायच्या बाकी होत्या. गिऱ्हाईक "घाई करा, गाडी सुटेल" ओरडायचं, त्या म्हणायच्या, "सुटू दे, केकही सुटतायत!" पुसानच्या लेकाचा फोन आला तर त्यांनी "अरे, वेळ नाही मला, यंत्र चालू आहे" म्हणून ठेवून दिला. भंगाराचं नाव पुन्हा निघालं नाही.

आणि सण संपल्यावर दुकान एकदम शांत झालं. दुपार झाली की बोक-सिलबाई दाराकडे बघायच्या. दारावरची घंटा वाजली की मान वर, मग मान खाली. आमचं काम चोख चालू होतं. आम्ही इतके चोख होतो की मला आमचीच चीड आली.

मग एका दुपारी जेवण झालं. जोम-रे पिठाची पोती उतरवून घ्यायला बाहेर गेल्या होत्या. यंत्र थांबलेलं. बोक-सिलबाई माझ्यासमोर आल्या. दाभण तर बोंग मिस्त्रीच्या खिशातच राहिलं होतं. त्यांच्या हातात जेवणाची स्टीलची चॉपस्टिक होती.

त्यांनी डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. मला म्हणाल्या, "माफ कर हं." आणि खर्रकन!

अहो, माझा पीएफए! आग पचवणारा, साखर झटकणारा! वरपासून खालपर्यंत सरळ ओरखडा. आणि पुढच्याच क्षणी फोन: "बोंग मिस्त्री, साचा खराब झाला हो."

तो आला तेव्हा भुवयांवर पूड तशीच होती, एका पायात कारखान्यातली चप्पल, एका पायात बूट. त्याने भिंग लावलं. ओरखड्यावरून बोट फिरवलं.

"मालकीणबाई," शेवटी म्हणाला, "हे केक चिकटून झालेलं नाही."

"नाही?"

"नाही. हे वरून खाली, एका दमात ओढलंय. लोखंडाने. कुणीतरी मुद्दाम केलंय."

"कोण करेल असं?" बोक-सिलबाईंचा आवाज अगदी बारीक झाला.

दारात पिठाचं पोतं धरून उभ्या असलेल्या जोम-रेंचा धीर सुटला. "अरे देवा! हा माणूस केसाएवढी फट शोधतो आणि समोरची बाई याला दिसत नाही! तिने केलंय, तिने! तू येईनास म्हणून! आता बोल काहीतरी, नाहीतर मी हे पोतं तुझ्या डोक्यावर टाकते!"

बोंग मिस्त्रीच्या हातातून भिंग पडलं. बोक-सिलबाईंनी तोंड दोन्ही हातांनी झाकलं, पण बोटांच्या फटीतून बघत होत्या.

"मी..." तो म्हणाला. "मी पीटीएफई लावणार होतो. परत येता यावं म्हणून. पण तुमचं यंत्र होतं. मग नाही लावला."

"मूर्ख कुठले," बोक-सिलबाई म्हणाल्या, आणि बोटांमागे हसायला लागल्या. मग तोही. मग जोम-रे पोत्यावर बसून. दुकानात एक गिऱ्हाईक आलं, तिघांना बघून आल्या पावली परत गेलं.

त्याने मला यंत्रातून काढलं. "हा पुन्हा करावा लागेल. अशा ओरखड्यात साखर बसते."

"मग चला," बोक-सिलबाई एप्रन सोडत म्हणाल्या. "यावेळी मीही येते. माझा साचा कुठे जाऊन नागडा होतो ते मला बघायचंय."

मी त्यांच्या मांडीवर बसून व्हॅनमधून गेलो. शेडमध्ये बोंग मिस्त्रीने त्यांना सगळं दाखवलं, प्रत्येक डबा उघडून. आणि शेवटी पुडीची बंदूक त्यांच्याच हातात दिली. त्यांनी चाप दाबला. पूड माझ्यावर कमी, बोंग मिस्त्रीवर जास्त. तो खोकतोय, त्या "अरे अरे" करतायत, तो म्हणतोय "डावीकडे, डावीकडे", त्या म्हणतायत "तुम्ही डावीकडे सरकताय म्हणून!" असा माझा चौथा अंगरखा झाला. एका बाजूला जाड आहे. त्यामुळे माझ्यातून पडणाऱ्या केकचा एक गाल जरासा बसका असतो. गिऱ्हाईक तक्रार करत नाही. बोंग मिस्त्रीला तो खुपतो, पण तो म्हणतो, "हा राहू दे. हा मोडला तरी मी दुरुस्त करणार नाही."

वसंतात दोघांनी लग्न केलं. समारंभ असा काही नाही. वाटायला मिठाई मात्र आमचीच. बोंग मिस्त्रीचं शेड चालू आहे, आणि सकाळी तो दुकानात असतो. जोम-रे पुसानला गेल्या नाहीत. म्हणतात, "यांचं भांडण झालं तर निवाडा कोण करणार? साचा?"

आता आजचीच गंमत सांगतो आणि तुमची रजा घेतो. दोघी नणंद-भावजय आज ओन्यांगच्या गरम पाण्याच्या कुंडांवर गेल्या आहेत, आयुष्यात पहिल्यांदा दुकान सोडून. आणि यंत्रावर एकटा बोंग मिस्त्री. इतकी वर्षं लोकांच्या यंत्रांना अंगरखे चढवले, चालवलं मात्र एकही नव्हतं. त्याने मोठ्या ऐटीत बटण दाबलं. आम्ही निघालो. पीठ पडलं, झाकण मिटलं, कोलांटी, आग, टुणुक. केक पडतायत, पडतायत, सोनेरी, सुरेख. तो टाळ्या वाजवतोय. त्याला वाटतंय, हे तर सोपं आहे.

पुरणाची नळी उघडायची राहिली आहे. अक्रोडाचीही.

समोर रांग उभी आहे. पहिल्याच बाईंनी केक तोडला, आत बघितलं, उलटा करून हलवला.

"अहो मिस्त्री, यात काहीच नाही!"

बोंग मान-सोक यांनी भिंग काढलं, रिकामा केक डोळ्यांजवळ नेला, सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला, आणि अभिमानाने छाती फुगवून म्हणाले,

"नाही ना? पण बघा, कुठे चिकटला का?"

येतो मंडळी. रांगेतले सगळे हसतायत, मी पुन्हा आगीकडे निघालोय, आणि मला फार मजा येतेय.